अर्धी गोळी, पाचची गाडी

मंगरूळपीरच्या एसटी स्टँडसमोर चौतीस वर्षं मी मेडिकल चालवलं. बाहेरच्या माणसाला वाटतं, केमिस्टचं काम म्हणजे चिठ्ठी वाचायची, डबा काढायचा, स्ट्रिप कापून पाकिटात घालायची. एवढं तर दोन महिन्यांत कोणीही शिकतो. कस लागतो तो चिठ्ठी नसलेल्या गिऱ्हाइकापाशी. तो बाकीची गर्दी सरू देतो, मग काउंटरवर वाकून हळूच म्हणतो, "भाऊ, झोपेची काही देता का?"

स्वतःसाठी मागणारा लगेच ओळखू येतो, त्याचे डोळेच सांगतात. पण दुसऱ्यासाठी मागणारे मी पुष्कळ पाहिले. म्हाताऱ्या आईसाठी, सासऱ्यासाठी, बायकोसाठी. "बुढी लय वरडते", "बुढा उठून पळते", "मारते", "शिव्या देते." एक सून आली होती, चांगली शिकलेली. तिला दुधात टाकली तर चव कळणार नाही अशी गोळी हवी होती. मी तिला विचारलं, "गोळी कोनासाठी पाह्यजे? सासूसाठी का तुमच्यासाठी?" ती रागानं निघून गेली. पुढं कित्येक वर्षं हा प्रश्न मी त्याच तोऱ्यात विचारत आलो. गावात माझं नावच झालं होतं, याच्याकडे चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी मिळत नाही. मला त्याचा अभिमान होता.

एकदा मानोरा रोडवरच्या एका खेड्यातून गणपतराव नावाचे संत्र्याचे बागाईतदार आले. त्यांची बायको तीन दिवसांपासून भिंतीशी बोलत होती, अंगावर धावून येत होती. घरचे म्हणत होते, बाहेरचं काही लागलं असेल. मी गोळी दिली नाही. "लघवी तपासून आना पह्यले," म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला पुष्कळदा ताप येत नाही, दुखतं ते सांगता येत नाही. लघवीत जंतू झाले किंवा चार दिवस पोट साफ झालं नाही तरी डोकं फिरल्यासारखं होतं. तसंच निघालं. आठवडाभराच्या औषधानं बाई सैपाकाला लागली. गणपतराव टोपलंभर संत्री घेऊन आले आणि चार माणसांत म्हणाले, "डाक्टरपेक्षा हा मानूस हुशार हाये." त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला ते दोनदा ऐकवलं.

ती बायको म्हणजे सिंधू. मानोरा रोडवरच्या एका बंजारा तांड्याच्या जिल्हा परिषद शाळेत ती चोवीस वर्षं शिक्षिका होती. सकाळी दहाच्या गाडीनं जायची, संध्याकाळी पाचच्या गाडीनं परत यायची. ती घरी पोचायची तेव्हा माझ्या दुकानात गर्दीची वेळ असायची. आम्हाला एक मुलगी, ती नागपूरला असते. सिंधू निवृत्त झाली आणि तीन-चार वर्षांनी विसरायला लागली. आधी वरणात मीठ दोनदा पडायचं. मग शेजारणीचं नाव गेलं. मग नातवाचं. एके दिवशी दुपारी ती सैपाकघरात उभी राहून हजेरी घ्यायला लागली. एकेक नाव घ्यायची, थांबायची आणि पुढं जायची. मला हसू आलं. नंतर आलं नाही.

खरी अडचण संध्याकाळची. साडेचार वाजले की ती उठायची, शाळेची जुनी पिशवी खांद्याला लावायची आणि दाराकडे निघायची.

"कुठं चालली?"

"माही गाडी चुकते ना. घरी जाच हाये मले."

"अवं, हेच घर हाये तुय."

हे वाक्य म्हणजे आगीत तेल. ती मला ढकलायची, नखं मारायची. एकदा दारात आडवा झालो तर हाताला चावली. रक्त आलं. आणि चावून झाल्यावर माझ्याकडे पाहून ओरडली, "कोन मानूस हाये हा? याले बाहेर काढा!" बेचाळीस वर्षांचा संसार. मी पुतण्याच्या हाती दुकान दिलं आणि घरी बसलो.

वाशिमला मानसोपचाराच्या डॉक्टरबाई आहेत, त्यांना दाखवलं. त्यांनी गोळी आधी लिहिली नाही. माझ्याच शाळेचा धडा मला शिकवला. लघवी तपासली, पोट पाहिलं, दात पाहिले, गुडघे दाबून पाहिले. म्हणाल्या, "काका, त्यांच्याशी वाद घालू नका. अंधार पडायच्या आधी घरातले दिवे लावा. त्या जायचं म्हणतात तर अंगणात दोन फेऱ्या मारून आणा." महिनाभर तसं केलं. पण ती गॅस चालू करून निघाली, शेजारच्या बाईला पिशवी फेकून मारली, तेव्हा डॉक्टरबाईंनी कागद पुढं ओढला.

इथं गोळीबद्दल थोडं सांगतो, कारण अनेक घरांत ही वेळ येते. हा विसरण्याचा आजार आहे, त्यावर ही गोळी नाही. गेलेली आठवण ती आणत नाही. मनातली भीती, संशय, अंगावर धावणं, हे थोडं उतरवते, एवढंच. आणि त्याची किंमत घेते. म्हातारं माणूस तिनं पेंगतं, ताठरतं, पडतं. मेंदूचा झटका यायचीही भीती असते. म्हणून कमीत कमी द्यायची, थोडे दिवस द्यायची आणि मधूनमधून डॉक्टरांनी पुन्हा पाहायचं. बाईंनी संध्याकाळी सातला अर्धी गोळी लिहिली. म्हणाल्या, "त्या शांत व्हायला पाहिजेत. गप्प नाही. दोन्हींत फरक आहे, तुम्हाला वेगळं सांगायला नको."

अर्ध्या गोळीनं मारणं थांबलं. निघणं मात्र थांबलं नाही.

एके दिवशी मी कपडे वाळत घालत होतो तेवढ्यात ती सटकली. मी धावत स्टँडवर गेलो. सिंधू एका गाडीच्या दाराशी उभी राहून ड्रायव्हरवर ओरडत होती, लोक जमले होते. इतक्यात गर्दीतून एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस पुढं आला. तिच्यापासून दोन हातांवर थांबला आणि मोठ्यानं, मोकळ्या आवाजात म्हणाला, "या ना बाई! तुमची जागा ठेवली हाये."

सिंधू गप्प झाली. वळली. त्या माणसानं स्टँडच्या बाकाकडे हात केला, ती जाऊन बाकामागच्या खिडकीच्या गजांशी बसली, पिशवी मांडीवर घेतली. "गाडी पंचर झाली बाई. टाइम लागते थोडा," तो म्हणाला. ती म्हणाली, "लागू द्या. तुमी हाये ना." आणि हसली. वर्षभरात ती तशी माझ्यासमोर हसली नव्हती.

तो हरसिंग. मानोरा भागातल्या तांड्यावरचा, आमच्या डेपोचा निवृत्त कंडक्टर, विधुर, गावातच मुलाकडे राहणारा. मी त्याला नुसता तोंडओळखीनं ओळखत होतो. खोकल्याचं औषध न्यायचा. त्यानं तिला गोष्टी सांगत सांगत घरापर्यंत आणलं. मी मागून चालत होतो, जसा कोणी तिऱ्हाईत.

दुसऱ्या दिवशी पाचला तो आपणहून आला. मग रोजच यायला लागला. दिवाणखान्यात खिडकीशी दिवाण होता, त्यावर सिंधू पिशवी घेऊन बसायची, तो समोरच्या खुर्चीत. "फाट्यावर मानूस चढून राह्यला बाई, दोन मिनिटं." "पुलावर पाणी हाये, थांबा." ती ऐकायची, मान डोलवायची. तासाभरात तिला घराची आठवण राहायची नाही, मग पोळी खायची. मी ते पाहत असायचो. बरं वाटायला हवं होतं. पहिले चार दिवस वाटलंही.

मग एक दिवस पाहिलं, चार वाजल्यापासून ती आरशासमोर होती. वेणी घातली, ती सुटली, पुन्हा घातली. तोंडाला पावडर लावली, एका गालाला जास्त. मला विचारलं नाही कशी दिसते म्हणून. दारावर थाप पडली तशी लुगड्याचा पदर सारखा करून उभी राहिली. मला हरसिंगचा हेवा वाटला. सत्तरीच्या माणसाला असं होतं, यावर माझा स्वतःचाच विश्वास बसला नसता.

त्यानंतर मी मोजायला लागलो. ती त्याच्यासमोर किती वेळा हसली, माझ्यासमोर किती. त्यानं दिलेलं पाणी प्यायली, मी दिलेलं ठेवून दिलं. सकाळी ती जरा ठीक असायची तेव्हा मी विचारायचो, "हरसिंग कोन हाये वं?" ती माझ्याकडे पाहत राहायची. तिच्या ट्रंकेतल्या शाळेच्या टाचणवह्या काढून मी पानन् पान चाळलं. काय शोधत होतो? चिठ्ठी, नाव, एखादं फूल. पाढे आणि बाराखडी निघाली.

आणि मग ते झालं. सिंधूची शाळेतली एक जुनी सोबतीण भेटायला आली होती. हरसिंग खुर्चीत, मी चहाचा ट्रे घेऊन दारात. सोबतिणीनं कौतुकानं विचारलं, "ओळखलं का सिंधू, हे कोन?"

सिंधूनं हरसिंगकडे बोट केलं. "हे माहे मालक." मग माझ्याकडे पाहिलं. "अन् हा मेडिकलचा मानूस. गोळ्या द्याले येते."

हरसिंग ताडकन उठला. "नाई नाई, बाई! मी कंडक्टर. मालक ते." सोबतीण हसून सावरायला गेली. मी ट्रे ठेवला, कपातला चहा बशीत सांडला होता, तो पुसला.

दुसऱ्या दिवशी मी सातची गोळी साडेतीनला दिली. आणि अर्धी नाही, पूर्ण दिली.

स्वतःला सांगायला कारण होतं: तिला संध्याकाळी त्रास होतो, मग औषध आधीच पोटात असलेलं बरं. चौतीस वर्षं जी कारणं लोक मला काउंटरवर देत होते, त्यांतलंच एक. पाचला हरसिंग आला तेव्हा ती दिवाणावर आडवी झाली होती.

"बाई झोपल्या," मी म्हणालो.

"बरं. उद्या येतो."

उद्याही झोपल्या होत्या. परवाही. चौथ्या दिवशी तो दारातच उभा राहिला, आत डोकावला. "अशा कशा रोज झोपून राह्यल्या, भाऊ?"

"आजार हाये. असंच असते." मी दार लावलं. त्याच्या वहाणांचा आवाज फाटकापर्यंत गेला आणि मला, खरं सांगतो, जिंकल्यासारखं वाटलं.

दीडेक आठवडा असा गेला. सिंधू मारत नव्हती, ओरडत नव्हती, निघत नव्हती. मी भरवला तो घास तोंडात तसाच राहायचा. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ यायची, मी पुसायचो. पाय घासत चालायची, उजवा हात कोपरात आखडलेला. ही सगळी लक्षणं मी लोकांना तोंडपाठ सांगत आलो होतो. मला ती दिसत होती. तरी दुपारी साडेतीन वाजले की मी स्ट्रिप हातात घ्यायचो. कारण ती आता कोणाचीच वाट पाहत नव्हती, आणि मी त्यातच समाधान मानत होतो. माझीही पाहत नव्हती, हे मी मनात येऊ दिलं नाही.

मग ती न्हाणीघरात पडली. मनगट मोडलं, कपाळाला पाच टाके पडले. पडताना तिनं आवाजसुद्धा केला नाही. आवाज बादलीचा आला.

वाशिमला डॉक्टरबाईंनी तिचा हात हळूच वाकवून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "गोळी किती देता?"

"अर्धी."

त्यांनी पुन्हा हात वाकवला. मग मी म्हणालो, "एक देतो. साडेतीनले. एक मानूस येत होता पाच वाजता, तो येऊ नये म्हनून." सगळं सांगून टाकलं, पावडरसुद्धा.

"काका, तुम्ही केमिस्ट आहात," एवढंच त्या म्हणाल्या. त्यापुढं रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी गोळी उतरवत कशी न्यायची ते लिहून दिलं. एकदम तोडायची नसते. शेवटी पाव गोळीवर आणायचं ठरलं. आणि उठताना म्हणाल्या, "त्या गृहस्थांना परत बोलवा. माझ्या औषधापेक्षा ते चांगलं औषध आहे."

मला बोलवायला जायला तीन दिवस लागले. हरसिंग मुलाच्या घराच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. मला पाहून त्यानं पाट सरकवला. मी बसलो नाही.

"गोळी मीच वाढवली," मी म्हणालो. "तुमी येऊ नये म्हनून."

"माहीत हाये."

"कसं?"

"चोवीस वर्षं त्या बाईले गाडीत पाह्यलं, भाऊ. कधी झोपल्या नाईत. गाडी कितीबी हलो, बाहेर पाहत बसत." त्यानं शेंग टाकली. "कीव आली तुमची. रागबी आला. तुमचा हात धरावा वाटला, पन घर तुमचं."

मग मी विचारलंच. ज्यासाठी तीन दिवस घालवले ते. "तुमचं अन् तिचं काही होतं का?"

त्यानं शेंगा बाजूला सारल्या. नंतर सांगायला लागला. तो मानोऱ्याच्या गाडीवर असताना फाट्यावर बाईंसाठी थांबायचा. शाळा सुटायला उशीर झाला तर ड्रायव्हरला थोपवून धरायचा. डावीकडची, तिसरी, खिडकीची जागा त्यांची. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत गाडीत पाय ठेवायला जागा नसायची, तरी ती जागा तो पिशवी टाकून धरायचा. "बाईनं आमच्या तांड्याची लेकरं शिकवली. माहा भाचा तिच्याच हातचा. जागा ठेवनं माह्या हातात होतं, ते मी केलं. आनखी काय पाह्यजे तुमाले?"

मी त्यानं सरकवलेल्या पाटावर बसलो.

"एक दिवस रडून राह्यल्या होत्या," तो म्हणाला. "वडील गेले त्या वर्षी. मंगरूळ आलं, सगळे उतरले, त्या बसूनच. म्हने, 'हरसिंग, दोन मिनिटं थांबू दे. दुकानासमोरून जा लागते, त्यांनी पाह्यलं तर गिऱ्हाईक सोडून येतीन.' मी पान्याची बाटली देल्ली. तोंड धुतलं, उतरल्या."

तिचे वडील गेले त्या वर्षी ती रडल्याचं मला आठवत नव्हतं. मी समजत होतो, ती खंबीर आहे. खिडकी कोणत्या बाजूची हेही मला माहीत नव्हतं. चोरून काही झालं असतं तर त्याच्याशी भांडता आलं असतं. हे सगळं भरल्या गाडीत, उजेडात झालं होतं, आणि मी शंभर पावलांवर गोळ्या मोजत होतो.

"येतो मी," हरसिंग म्हणाला. "पन तुमीबी बसा तिथं. चहा देऊन पळू नका."

गोळी उतरत गेली तशी महिनाभरात सिंधू थोडी थोडी वर आली. हात सैल झाला. एक दिवस तिनं मला पुन्हा ढकललं आणि मला इतका आनंद झाला की मुलीला नागपूरला फोन करून सांगितलं. पाचला हरसिंग यायचा. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचो. हेवा गेला नाही. तो जाईल असं मला वाटलं होतं. पण ती हसली की अजूनही आत टोचायचं. मी फक्त त्या हेव्याला औषधाच्या डब्यापर्यंत जाऊ देत नव्हतो.

सिंधू त्यानंतर सव्वा वर्ष जगली. पाव गोळी शेवटपर्यंत चालू राहिली. गोळी सुटली असं सांगून मी कोणाची फसवणूक करणार नाही. तिच्या जाण्याबद्दल लिहिण्यासारखं विशेष नाही, सकाळी झोपेत गेली. हरसिंग अजून येतो, आम्ही दोघं चहा पितो, फार बोलत नाही. पण मधली एक संध्याकाळ सांगायची राहिली.

हरसिंगच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आठ दिवस तो येणार नव्हता. पहिल्या दिवशी पाचला सिंधू पिशवी घेऊन दिवाणावर बसली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ती उठली, बसली, पुन्हा उठली. डोळ्यांत ती भीती यायला लागली. मी उभा राहिलो आणि त्याच्यासारखा मोठा आवाज काढून म्हणालो, "या बाई, जागा ठेवली हाये!"

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी कंडक्टर नाही."

"नाही," मी म्हणालो. "मी प्याशिंजर."

ती दिवाणावर खिडकीकडे सरकली आणि बाजूची पिशवी उचलून मांडीवर घेतली. "मंग उभे काहून? बसा ना. जागा हाये."

मी तिच्याशेजारी बसलो. दिवाण तो, घर ते. पण इतक्या जवळ तिनं मला कित्येक महिन्यांत बसू दिलं नव्हतं. तिच्या पावडरीचा वास येत होता.

"कुठं उतरता?" तिनं विचारलं.

"मंगरूळले."

"मीबी." ती खिडकीबाहेर पाहत राहिली. बाहेर शेजाऱ्यांच्या भिंतीवर कपडे वाळत होते. मग आपणहून सांगायला लागली. "माहे मालक मेडिकलवर असतात. स्टँडसमोरच. गाडी आली का त्यांचा हात दिसते, असा वर, डबा काढताना. मी उतरल्यावर त्यांले पाहत उभी राहतो थोडा वेळ. मंग घरी जातो."

"आवाज नाही देत त्यांले?"

"कायले? कामात असतात." ती हसली, हरसिंगसमोर हसायची तशीच. "मानूस लय हुशार हाये. डाक्टरपेक्षा हुशार म्हनतात लोक."

त्या मेडिकलवाल्याचा मला जेवढा हेवा वाटला तेवढा हरसिंगचाही कधी वाटला नव्हता. तो काउंटरमागे होता, त्याचे केस काळे होते, आणि बाहेर रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभी राहून कोणीतरी त्याला पाहत होतं. त्यानं एकदा मान वर करायची होती.

"आलं का मंगरूळ?" सिंधूनं विचारलं.

"नाही अजून," मी म्हणालो. "वेळ हाये."